सांडपाणी शुद्ध होऊनही पंचगंगेत जलपर्णी कशी?

प्रश्न : कोल्हापूर शहरात कसबा बावड्यात ७६ एमएलडी (दररोज दशलक्ष लिटर) आणि दुधाळीत १७ एमएलडी क्षमतेची सांडपाणी प्रक्रिया केंद्रे असताना, उन्हाळ्यात बंधाऱ्यांच्या पाठीमागे तुंबलेल्या पाण्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा का पसरतो, हे कोणी जाणकार समजावून सांगतील का? गेल्या मे महिन्यात आमच्या गावच्या बंधाऱ्यावर उभा राहिलो, तेव्हा पाणी दिसतच नव्हते. फक्त वास येत होता.

उत्तर १ : प्रक्रियेतील जीवाणू प्रामुख्याने सेंद्रिय घाण खातात, त्यामुळे बीओडी (ही घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खर्च होईल, त्याचे माप) उतरतो, परंतु नत्र आणि स्फुरद काढण्याची वेगळी सोय नसेल, तर वरून नितळ दिसणाऱ्या पाण्यातही ही खते बऱ्याच प्रमाणात शिल्लक राहतात आणि जलपर्णीला तीच हवी असतात. त्यात उसाच्या शेतातून झिरपणाऱ्या खतांची भर पडते. एकट्या शहराला दोष देऊन भागणार नाही.

उत्तर २ : शिवाय केंद्र शुद्ध करते ते फक्त तिथवर पोहोचलेले पाणी. नाल्यावर बांध घालून सांडपाणी पंपाने उचलावे लागते. वीज गेली किंवा वळवाचा जोरदार पाऊस झाला, की ते बांधावरून थेट नदीत जाते.

प्रश्नकर्ता : म्हणजे केंद्राच्या क्षमतेपेक्षा पंप किती तास बंद होते, हे विचारायला हवे. आभारी आहे.

उत्तर १ : होय, आणि जनरेटर आहे का, हेही विचारा.