खरडपट्टी, ताशेरे, तोंडसुख: कोणता शब्द कुठे?

कर्वेनगरकर: पुण्यात नोकरीला आलेल्या अमराठी लोकांच्या वर्गासाठी शब्दसूची करतोय. ‘खरडपट्टी’पुढे कानउघाडणी, ताशेरे, झाडाझडती, तोंडसुख असे समानार्थी लिहिलेत. पण उद्या कोणी ‘आजीने नातवावर ताशेरे ओढले’ असं लिहिलं तर? कोशात अर्थ सापडतो, वापर कसा शिकवायचा?

मुद्रितशोधक: सुटा शब्द देऊच नका. विभक्ती आणि क्रियापद धरून द्या: अभियंत्याची खरडपट्टी काढली, प्रशासनावर ताशेरे ओढले, मंत्र्यांना धारेवर धरलं. शिकणाऱ्यांची चूक बहुतेक इथेच होते, ‘त्याला खरडपट्टी काढली’ अशी.

मग कोण कोणाला बोलतंय ते बघा. खरडपट्टी वरिष्ठ काढतो, समोरासमोर, नेमक्या चुकीवरून. कानउघाडणीत रागासोबत सुधारणेची तळमळ असते, म्हणून ती वडीलधाऱ्यांनी करायची. कारकुनाने साहेबांची कानउघाडणी केली हे कानाला खटकतं. कानपिचक्या त्याहून सौम्य. ताशेरे न्यायालय, चौकशी समिती, लेखापरीक्षक यांचे, आणि नेहमी अनेकवचनी. आजी नातवाला रागावते, झापते, फार तर त्याची हजेरी घेते.

धारेवर धरायला मात्र अधिकार लागत नाही. पाणी आलं नाही म्हणून सोसायटीतले लोकही नगरसेवकाला धारेवर धरतात. त्यात प्रश्नांचा मारा हवा, नुसती आरडाओरड नको.

शनिवारपेठ: ‘झाडाझडती’ जपून. मूळ अर्थ कसून झडती. ‘अधिकाऱ्यांची झाडाझडती घेतली’ ठीक, पण ‘कार्यालयाची झाडाझडती’ म्हटलं की वाचकाला छापा वाटतो.

आणि ‘तोंडसुख’ समानार्थींतून काढाच. ‘विरोधकांवर तोंडसुख घेतलं’ यात बोलणाऱ्याने हौस भागवून घेतली असा ठपका आहे. बातमीत हा शब्द वापरला की बातमीदाराने बाजू घेतली. तटस्थ राहायचं तर ‘कडाडून टीका केली’.

कर्वेनगरकर: वाभाडे काढणे कुठे बसवू? माणूस समोर लागतो का?

मुद्रितशोधक: नाही, आणि माणूसच लागतो असंही नाही. नाटकाचे, योजनेचे, अंदाजपत्रकाचेही वाभाडे निघतात. मात्र चारचौघांत किंवा छापून. बंद खोलीत निघते ती खरडपट्टी. ‘कोरडे ओढणे’ यांच्याच शेजारी ठेवा: कोरडा म्हणजे चाबूक, त्यामुळे ते रूढींवर, ढोंगावर शोभतं. सूचीत ‘कोरडा’चा हा अर्थ कंसात द्याच, नाहीतर विद्यार्थी ‘सुका’ समजतील.