संगणकाच्या इतिहासात मराठीचा टप्पा कोणता मानावा?

ग्रंथसखी (सदाशिव पेठ, पुणे):
नमस्कार. आमच्या वाचनालयात शाळकरी मुलांसाठी संगणकाच्या इतिहासाचे छोटे प्रदर्शन मांडत आहोत. १९४६ चा एनिअ‍ॅक, १९४७ चा ट्रान्झिस्टर, १९७१ चा इंटेल ४००४ आणि १९८१ चा आयबीएम पीसी हे फलक तयार आहेत. आता एकाच फलकाची जागा उरली आहे आणि तो आपल्या भाषेचा असावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मराठी संगणकावर केव्हा आली, याचे एक वर्ष सांगता येईल का?

वर्णमाला:
एकच वर्ष हवे असेल तर १९९१ लिहावे. त्या वर्षी ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली राष्ट्रीय मानक झाली आणि जगभरच्या लिप्यांसाठी असलेल्या ‘युनिकोड’ या संकेतप्रणालीची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी निघाली. इस्कीमागचा विचार मुलांना अवश्य सांगावा: अक्षराचा आकार न साठवता वर्ण साठवायचे, म्हणजे ‘क्ष’साठी क, हलन्त (पाय मोडल्याचे चिन्ह) आणि ष असे तीन संकेत ठेवायचे आणि जोडाक्षर घडवण्याचे काम यंत्रावर सोपवायचे. बाराखडी शिकलेल्या मुलाला ही कल्पना लगेच उमगते. या कामाची सुरुवात १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत झाली आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने ‘जिस्ट’ या नावाने ते वाढवले. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतली. फरक इतकाच की, इस्कीत सर्व लिप्यांना सामाईक असलेले संकेत मोडून प्रत्येक लिपीला स्वतंत्र १२८ जागा दिल्या.

जुळारी:
वर्णमाला यांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु केवळ १९९१ लिहिल्यास फलक अपुरा राहील. मी नव्वदच्या दशकात पुण्यात डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचे, काम करत होतो. त्या काळी पानांची मांडणी करणाऱ्या आज्ञावलींना जोडाक्षरे घडवता येत नसत, म्हणून फॉन्ट तयार करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवले. पडद्यावर मराठी दिसे, पण फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरेच साठत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असल्यामुळे फॉन्ट बदलला की मजकुराचा अर्थहीन गुंता होई. १९९६ मधील एक स्मरणिका पुन्हा छापायची म्हणून मी ती युनिकोडमध्ये आणू पाहिली, तेव्हा ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांनीच सर्वाधिक वेळ घेतला. जुन्या फाइलमध्ये वेलांटी जशी दिसते तशी व्यंजनाच्या आधी होती, ती युनिकोडमध्ये व्यंजनानंतर येते. रफार मात्र आकार म्हणून शेवटी होता, तो उच्चारानुसार आधी न्यावा लागला. अखेर बरीच पाने मी पुन्हा टंकलिखित केली. सामान्य माणसाच्या संगणकावर युनिकोड मराठी येण्याची वाट विंडोज २००० आणि त्यातील ‘मंगल’ फॉन्टने मोकळी केली, म्हणून तो टप्पाही फलकावर असावा.

समांतर:
पुण्याचा फलक आणि त्यावर परम ८००० हा महासंगणक नाही, हे मला पटत नाही. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली अवघ्या तीन वर्षांत, म्हणजे १९९१ मध्येच, ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रोसेसर एकमेकांशी जोडून तो महासंगणक उभा केला. निदान एक ओळ तरी त्याला द्यावी.

वर्णमाला:
त्या ओळीला माझी पूर्ण संमती आहे. जुळारी यांचा अनुभव वाचल्यावर माझे उत्तरही दुरुस्त करतो: १९९१ हे नियम ठरल्याचे वर्ष आहे, तो वापरात रुळल्याचे नव्हे. शिवाय मराठीच्या गरजा त्यानंतरही पूर्ण होत राहिल्या. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, तोवर अनेकांना हिंदी वळणाच्या ‘ऍ’वर भागवावे लागे.

ग्रंथसखी:
आपणा सर्वांची मी फार आभारी आहे. फलकावर १९९१ आणि २००० ही दोन्ही वर्षे येतील, आणि परमची ओळही असेल. मध्यभागी ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द मोठ्या टाइपात लावून त्यांखाली त्यांचे वर्ण सुटे करून दाखवायचे ठरवले आहे: पहिल्यात र, हलन्त, य आणि दुसऱ्यात ऱ, हलन्त, य. जुळारी, त्या स्मरणिकेच्या जुन्या फाइलचे एखादे पान जसेच्या तसे छापून मिळेल का? त्याच्या शेजारी तेच पान युनिकोडमध्ये लावता येईल.

जुळारी:
अवश्य देतो. दोन्ही पाने एकाच मापात छापून ठेवतो.