पाकिटाचा आकार, कागदाचं वजन आणि टपालाचे नवे दर : सभासदांना अंक कसे पाठवावेत?

खजिनदार_अमळनेर

राम राम मंडळी,

अमळनेरच्या एका वाचनालयाची टपालाची घडी नव्याने बसवायची आहे. वर्षातून दोनदा, आखाजीला (अक्षय तृतीयेला) आणि दिवाळीला, ए५ आकाराचा ३२ पानी अंक निघतो. आतला कागद ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम), मुखपृष्ठ १३० जीएसएम. शिवाय वार्षिक सभेची नोटीस आणि हिशेब, मिळून ए४चे तीन कागद. आजवर अंक साध्या टपालाने जायचे आणि नोटीस रजिस्टरने. सगळ्याला ११ बाय ५ इंचाची पाकिटं.

२०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टाचे दर बदलले. वीस ग्रॅमपर्यंतच्या रजिस्टरला २५.९६ रुपये पडायचे, आता बाहेरगावची नोटीस ५५.४६ ला पडते. सभासद चारशेच्या वर.

दुसरी अडचण परदेशातल्या सभासदांची. लेस्टर (ब्रिटन) आणि न्यू जर्सी (अमेरिका) इथे एकेका सभासदाकडे आम्ही पाकिटांचा गठ्ठा पाठवतो, ते तिथल्या टपालाने वाटतात. तिथे दर आकारावरही ठरतो. लेस्टरला आमचं पाकीट साध्या पत्रात बसत नाही, न्यू जर्सीला बसतं. दोन्हीकडे चालेल असं एकच पाकीट आहे का? आणि इथला खर्च कुठे कमी होईल?

---

कागदवाला_जळगाव

भाऊ, दर बघण्याआधी पाकीट ठरवा, मग कागद. पाकीट चुकलं की पुढचं सगळं गणित चुकतं.

ए४ कागद म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग. म्हणून ८० जीएसएमचा ए४ पाच ग्रॅमचा, ७० जीएसएमचा ४.४ ग्रॅमचा. पाकिटाचं वजन काढायचं तर लांबी गुणिले रुंदी, त्याच्या साधारण २.३ पट कागद धरा (दोन बाजू आणि चिकटवायच्या पट्ट्या). ८० जीएसएममध्ये ११ बाय ५चं पाकीट साडेसहा-पावणेसात ग्रॅम भरतं, ९ बाय ४चं सव्वाचार, ९ बाय ६चं साडेसहाच्या आत.

साध्या पत्राला पहिल्या २० ग्रॅमला ५ रुपये, पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी ५ रुपये, आणि २० च्या वर अर्धा ग्रॅम गेला तरी पुढचा टप्पा लागतो. तुमची नोटीस ११ बाय ५ मध्ये : कागद १५, पाकीट पावणेसात, म्हणजे पावणेबावीस. दहा रुपये. तेच तीन कागद ७० जीएसएमवर छापून ९ बाय ४ मध्ये घातले तर १३.१ अधिक ४.३, म्हणजे साडेसतरा. डिंक, तिकीट, पत्त्याची चिठ्ठी धरून अठरा. पाच रुपयांत.

एक खाच आहे. ए४ची तिघडी घातली की रुंदी ९९ मिलिमीटर होते आणि ९ बाय ४चं पाकीट बाहेरून १०१.६. तीन कागदांचे नऊ पदर आत सरकतात, पण घडी दोन मिलिमीटर जरी तिरकी पडली तरी कोपरा मुडपतो आणि पाकिटाची कड फाटते. घडी हाताने न घालता पुठ्ठ्याच्या ९८ मिलिमीटरच्या पट्टीभोवती घाला. आधी खालचा तिसरा भाग वर, मग वरचा खाली, आणि घडीची बाजू पाकिटाच्या तळाला. उघडी बाजू तळाला गेली की कागद अडकलाच.

आता अंक. ३२ पानं म्हणजे ए४चे आठ ताव : ८० जीएसएमचे ४० ग्रॅम. १३० चं मुखपृष्ठ आठ ग्रॅम. ९ बाय ६चं पाकीट धरून ५४ च्या पुढे. आतला कागद ७० चा केला तर ३५, मुखपृष्ठ ८, पाकीट साडेसहा : ४९.५. स्पीड पोस्टाची पहिली पायरी ५० ग्रॅमची आहे. त्यावर बारकोड आणि डिंक चढला की काटा पन्नाशी ओलांडतो. इथेच फसगत होते. मुखपृष्ठ १०० जीएसएमचं घेतलंत तर दोन ग्रॅम सुटतात आणि सगळं साडेअठ्ठेचाळीस-एकोणपन्नासात बसतं. मागच्या बाजूची छपाई पुढे दिसायला नको असेल तर ७० जीएसएममध्ये नॅचरल शेड घ्या, पांढऱ्यापेक्षा कमी पारदर्शक असतो. पानं कमी करायची तर चाराच्या पटीत, म्हणजे २८. पिन मारलेल्या अंकात मधलं एकच पान काढता येत नाही.

११ बाय ५ मध्ये ए५ अंक दुमडूनच घालावा लागतो. त्यामुळे पाठीची पिन ताणते आणि मधला ताव सुटतो. खर्च सोडा, अंकासाठीच ते पाकीट चुकीचं आहे.

---

टपालमित्र_भुसावळ

कागदवाला दादांनी वजनाचं नीट सांगितलं. त्यावर दर बसवून दाखवतो.

स्पीड पोस्ट, ५० ग्रॅमपर्यंत : गावातल्या गावात १९ रुपये, बाकी देशभर कुठेही ४७. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २२.४२ आणि ५५.४६. ५१ ते २५० ग्रॅमला मात्र अंतर मोजलं जातं : गावात २४, २०० किलोमीटरपर्यंत ५९, २०१ ते ५०० ला ६३, ५०१ ते १००० ला ६८, १००१ ते २००० ला ७२, त्यापुढे ७७. सगळ्यावर जीएसटी वेगळा. म्हणजे अमळनेरहून मुंबई-पुण्याला जाणारं ५१ ग्रॅमचं पाकीट ४९ ग्रॅमच्या पाकिटापेक्षा १६ रुपयांनी महाग, जीएसटीसह १८.८८. दोन ग्रॅमचे एवढे पैसे.

नुसती नोटीस स्पीड पोस्टाने पाठवत असाल तर कागद वाचवून काहीच हाती लागत नाही. तीन कागद असोत की आठ, ५० ग्रॅमच्या आत दर तोच.

रजिस्टरची जी खासियत होती, ज्याचं नाव त्याच्याच हातात, ती हवी असेल तर स्पीड पोस्टावर ‘रजिस्ट्रेशन’ वेगळं मागावं लागतं : ५ रुपये अधिक जीएसटी. ओटीपी सांगून देण्याची सोयही तेवढ्याच पैशांत. काउंटरवर मागितलं नाही तर साधं स्पीड पोस्टच बुक होतं आणि पाकीट घरातल्या कुणाच्याही हाती पडू शकतं.

खरी बचत वेगळ्या ठिकाणी आहे. संस्थेची घटना उघडून बघा. ‘रजिस्टर पोस्टाने’ असं लिहिलंय की फक्त ‘लेखी सूचना’? दुसरं असेल तर पाच रुपयांचं साधं पत्र चालतं, जावक नोंदवहीत प्रत्येक नाव-पत्ता तारखेनिशी लिहा. पोस्टिंगचा दाखला, म्हणजे जुनं यूपीसी, २०११ पासून बंद आहे, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका. अमळनेर गावातल्या सभासदांना शिपायाकरवी पोचवहीवर सही घेऊन द्या. त्यापेक्षा पक्का पुरावा टपालही देत नाही.

आणि सभा दिवाळीनंतर असेल तर नोटीस अंकातच छापा. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला नोटीस, मधल्या दोन पानांवर हिशेब. एकच पाकीट, एकच खर्च. सभेआधी घटनेत जेवढे दिवस सांगितलेत तेवढे आधी अंक टपालात पडला पाहिजे, ही एकच अट.

अंक साध्या टपालाने गेला तर ४९ ग्रॅमला १५ रुपये : पाचाची तीन तिकिटं. ६० ग्रॅमपर्यंत तेच. तिकीट कमी लावलं तर फरकाच्या दुप्पट रक्कम घेणाऱ्याकडून वसूल होते. नॉटपेड अंक पैसे देऊन कोण सोडवून घेणार? तो परत येतो, आणि सभासद दुखावतो तो वेगळाच.

---

खजिनदार_अमळनेर

घटनेत ‘लेखी सूचना टपालाने अथवा समक्ष’ एवढंच आहे. मग नोटीस अंकात छापणं जमेल. वजन कशावर करायचं? घरातला किचनचा काटा चालेल का? आणि अंक ज्ञान पोस्टाने जाईल का?

---

कागदवाला_जळगाव

किचनचा काटा एक ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो, ५०.४ लाही तो ५० च म्हणेल. पॉइंट एक ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या, किंवा ओळखीच्या सराफाकडे एक पाकीट ठेवून बघा. पाकीट पूर्ण तयार हवं : अंक, डिंक, पत्ता, तिकीट सगळं लावलेलं. छपाईला देण्याआधी त्याच कागदाच्या कोऱ्या तावांचा डमी बांधून घ्या. छापून झाल्यावर वजन केलं तर हातात काही उरत नाही.

दिवाळीचा अंक पावसाळ्याच्या शेवटी छापला जातो तेव्हा कागद ओल धरतो, वजन दोन-तीन टक्के वाढतं. ४९ चं ५० व्हायला तेवढं पुरतं. म्हणून डमी, नुसता अंक आणि पाकीट मिळून, ४८ च्या आत ठेवा. आखाजीला उलटं. वैशाखाच्या उन्हात पाकिटाचा आयता डिंक सुकून पापड होतो, झाकण वाटेतच उघडतं. तेव्हा खळ किंवा फेविकॉलचा बारीक हात द्या आणि वजनाखाली अर्धा तास दाबून ठेवा. स्टेपलची पिन मारू नका, गठ्ठ्यात ती शेजारचं पाकीट फाडते.

---

टपालमित्र_भुसावळ

ज्ञान पोस्ट अंकाला नाही. ती सेवा १ मे २०२५ ला पुस्तकांसाठी सुरू झाली : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. नियतकालिकं आणि जाहिराती त्यात बसत नाहीत. वाचनालय सभासदांना ग्रंथ पाठवत असेल तर मात्र जरूर वापरा, मागोवाही घेता येतो.

अंक नियमित निघत असेल, निदान महिन्याला एक, तर वृत्तपत्र म्हणून नोंदणी करून टपालाची सवलत घेता येते : ५० ग्रॅमपर्यंत २५ पैसे. पण वर्षात दोनच अंक काढणाऱ्याने त्या मागे लागू नये.

स्पीड पोस्टाने मोठी संख्या जाणार असेल तर नव्या घाऊक ग्राहकाला ५ टक्के सवलत आहे, ती लेखी मागा. पाकिटं पिनकोडाच्या पहिल्या तीन आकड्यांप्रमाणे लावून न्या : ४२४ धुळ्याकडचं, ४२५ जळगाव-नंदुरबारचं, बाकीचं वेगळं. यादी त्याच क्रमाने हवी, नाहीतर पावती आणि पाकीट जुळवताना दिवस जातो.

---

तापीकाठ

परदेशाचं राहिलं. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २००६ पासून आकारावर दर आहेत. साधं पत्र : लांबी २४० मिमी, रुंदी १६५, जाडी ५, वजन १०० ग्रॅम. यातलं एक जरी ओलांडलं तर ‘लार्ज लेटर’ : ३५३ बाय २५० बाय २५, ७५० ग्रॅमपर्यंत. तुमचं ११ इंची पाकीट २७९ मिमी, म्हणून तिथे अडतं. साडेनऊ बाय साडेचारचं घ्यायचा मोह होईल, पण ते २४१.३ मिमी भरतं. सव्वा मिलिमीटरने वरच्या दरात जातं.

अमेरिकेत १४ मे २००७ पासून आकारावर दर लागले. तिथे पत्राची कमाल लांबी साडेअकरा इंच, उंची सहा पूर्णांक एक अष्टमांश इंच, जाडी पाव इंच. म्हणून ११ बाय ५ तिथे चालतं. मात्र लांबी भागिले उंची १.३ ते २.५ मध्ये हवी. चौरस पाकिटाला आणि दोरी-बटणाच्या पाकिटाला जादा पैसे पडतात.

ब्रिटनमध्ये ए५ साठी सर्रास मिळणारं सी५ पाकीट १६२ मिमी रुंद असतं. ब्रिटनला चालतं, अमेरिकेत नाही, तिथली मर्यादा १५५.६ मिमी. दोन्हीकडे बसतं ते ९ बाय ६ इंच : २२९ बाय १५२ मिमी. त्यात १४८ मिमीचा अंक न दुमडता जातो, दोन्ही बाजूंना दोन-दोन मिमी राहतात. जाडी दोन मिमीच्या आसपास, वजन एकोणपन्नास. अमेरिकेत दोन औंस म्हणजे ५६.७ ग्रॅम, त्याच्याही आत. जुना ८० जीएसएमचा अंक ५४-५५ जायचा, तो दोन औंसाला अगदी टेकून होता.

अंकासोबत पावतीला क्लिप लावू नका, जाडी तिथेच वाढते. आणि लेस्टरच्या ताईंना सांगा, घरात जुनी बारकोड नसलेली राणीच्या मुखवट्याची रोजची तिकिटं असतील तर ती २०२३ पासून चालत नाहीत. चित्रांची विशेष तिकिटं चालतात.

---

खजिनदार_अमळनेर

तर ९ बाय ६चं पाकीट, आत ७० नॅचरल शेड, मुखपृष्ठ १०० जीएसएम, डमी ४८ ग्रॅमच्या आत. छापखान्याला उद्याच कोऱ्या तावांचा डमी बांधायला सांगतो आणि काटा घेऊन तिथेच वजन करतो.