थायरॉईड का काढली?
'कर्करोगाची गाठ स्वरयंत्रात, मग सर्जननी थायरॉईडचा अर्धा भाग का काढला?' या प्रश्नाला 'खबरदारी म्हणून' असं उत्तर कुणीतरी दिलंय. चूक नाही, पण अर्धवट आहे. गाठ कुठल्या वाटेनं बाहेर पडू शकते यावर ते ठरतं. कंठमणी ज्या कूर्चेचा (हाडापेक्षा मऊ, लवचिक ऊतीचा) बनतो ती कूर्चा बराच काळ भिंतीसारखी आड येते, पण दोन्ही स्वरतंतू पुढे जिथे जुळतात तिथे आतून कूर्चेवरचं आवरणच नसतं. गाठ तिथून कूर्चेत शिरते. वयानुसार कूर्चेचं हाड झालेलं असेल तर आणखी सहज, हे जरा उलटंच वाटतं. कूर्चा आरपार पोखरली गेली, किंवा गाठ स्वरतंतूंच्या खाली बरीच उतरली, की शेजारची थायरॉईड धोक्यात येते. तेव्हा त्या बाजूचा भाग काढतात आणि श्वासनलिकेलगतच्या लसिकाग्रंथीही (लिम्फ नोड) काढून टाकतात. सरसकट प्रत्येकाची थायरॉईड काढायची गरज नसते.

मानेतल्या लसिकाग्रंथींचं गणित वेगळं. स्वरतंतूंवर लसिकावाहिन्या (या ग्रंथींकडे द्रव नेणाऱ्या बारीक नळ्या) फार विरळ, म्हणून तिथली लहान गाठ मानेत क्वचितच पसरते. शिवाय आवाज बसल्यानं ती लवकर सापडते. स्वरतंतूंच्या वरच्या भागात मात्र लसिकावाहिन्यांचं दाट जाळं असतं, तेही दोन्हीकडे जाणारं. म्हणून तिथली गाठ असेल तर हाताला काही लागत नसतानाही बहुतेकदा मानेच्या दोन्ही बाजूंच्या लसिकाग्रंथी काढतात. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मुख्य कॅरोटिड धमनीला गाठीनं वेढलं असेल किंवा गाठ मणक्यापुढच्या पडद्यात घुसली असेल, तर शस्त्रक्रियेचा पर्याय सहसा उरत नाही.