मदत हवी आहे: रोटरी हॅमरने भोक पडत नाही, बिटाचं टोक निळं पडलं

गॅलरी_३०२
काल नवीन २६ मिमीचं रोटरी हॅमर (काँक्रीटला भोक पाडायचं मशीन) आणलं. पाच मिनिटं जीव खाऊन दाबलं तरी भोक जेमतेम अर्धा सेंटीमीटर. बिटाचं, म्हणजे भोक पाडणाऱ्या दांडीचं, टोक निळं पडलंय, जळका वास येतोय. मशीनच खराब आहे का? दुकानदार परत घ्यायला तयार नाही. रविवारी आई येतेय, त्याआधी काम संपवायचंय. लवकर सांगा.

साइटवरचा
कुठे पाडताय भोक? वीट, सिपोरेक्स (हलका सच्छिद्र ब्लॉक) की आरसीसी (सळया घातलेलं काँक्रीट)? बिट कितीचं? मशीनचा नॉब कुठल्या खुणेवर आहे? एवढं तरी लिहा.

चिकटे_हुक
भोक पाडूच नका. मी सगळीकडे चिकटणारे हुक लावलेत, दोन वर्षांत एकही पडला नाही.

गॅलरी_३०२
गॅलरीच्या छताला, कपडे वाळत घालायचा सहा नळ्यांचा हँगर लावायचाय. ओल्या चादरींचं वजन हुक कसा पेलणार? बिट आठ मिमीचं, जुन्या ड्रिलचंच आहे. मशीनसोबत चावीचा चक (बिट पकडणारा जबडा) आला होता, त्यात घट्ट आवळलंय. नॉबवर बिटाचं चित्र आहे तिथे ठेवलाय.

जुना_फिटर
मशीन चांगलं आहे, मांडणी चुकली. नुसत्या बिटाच्या चित्रावर ते फक्त फिरतं, ठोके देत नाही. काँक्रीटवर नुसतं फिरवलं की टोक घासून तापतं, म्हणून निळं पडलं. ते बिट आता फेकाच.
आणि चावीचा चक लाकूड-लोखंडासाठी असतो. तो लावून हॅमर चालवला तर चकचे जबडे जातील. काँक्रीटला एसडीएस प्लसचं बिट लागतं, दांड्याला खाचा असतात ते. दांडा पुसा, बोटावर मावेल इतकं ग्रीस लावा, खट् आवाज येईपर्यंत आत ढकला, मग ओढून बघा. बाहेर येत नाही पण सेंटीमीटरभर पुढे-मागे सरकतं, ते तसंच हवं. नॉब हातोडी आणि बिट दोन्ही असलेल्या खुणेवर, मशीन पूर्ण थांबल्यावरच फिरवा. फिरण्याची दिशा उजवीकडे आहे ना, तेही बघा. आणि जोर लावू नका. ठोका आतला पिस्टन देतो, तुम्ही फक्त सरळ धरायचं.

शब्दवेडा
एसडीएस मूळ जर्मन आहे. घाला, फिरवा, बसलं अशा अर्थाच्या तीन शब्दांची आद्याक्षरं. बॉशने १९७५ मध्ये काढलं.

वायरमन_सांगली
ते असू दे. दादा, गॅलरीत दिव्याचा पॉइंट आहे ना? त्याच्या वायरची नळी स्लॅबमधूनच गेलेली असते. आधी त्या लाइनची एमसीबी (बोर्डावरचा संरक्षक स्विच) पाडा आणि मशीनला वीज दुसऱ्या लाइनवरून घ्या. एक्स्टेन्शन बोर्डाची गुंडाळी पूर्ण सोडा. ८०० वॉटला साडेतीन अँपियर लागतात, साधा प्लग पुरतो.

सिपोरेक्सवाली
माझी भिंत सिपोरेक्सची आहे, टीव्ही लावायचाय. हॅमरवर पाडू का?

साइटवरचा
ताई, हॅमर नको, ठोक्याने भोक फाकतं. नुसतं फिरवून पाडा आणि स्क्रू धरणारे, सिपोरेक्सचेच वेगळे प्लग घ्या.
@गॅलरी_३०२, उभे कशावर राहता? छताला पाडताना बाजूची मूठ लावलीच पाहिजे. बिट अडकलं की मशीन हातातून पिळतं. चष्मा घाला, आणि नाकाला रुमाल नको, एन९५ मास्क. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसांना वाईट.

गॅलरी_३०२
उभा प्लास्टिकच्या स्टुलावर होतो. शेजाऱ्यांची शिडी आणली, मूठ लावली, नवीन बिट घेतलं. पहिलं भोक दहा सेकंदात! मशीनला दोष देत बसलो होतो, सगळ्यांचे मनापासून आभार.
पण दुसरं भोक अडीच सेंटीमीटरवर थांबलं. ठणठण आवाज, ठिणगी, आणि धुळीऐवजी चकचकीत कीस.

चिकटे_हुक
म्हणूनच म्हणत होतो.

हार्डवेअरवाला
सळई लागली. लोखंड कापायचं बिट लावा, अर्ध्या मिनिटात पार. आम्ही रोज करतो.

साइटवरचा
रोज करता ते चूक करता. गिलावा सहा मिमी, वर सळईला झाकणारं साधारण वीस मिमीचं काँक्रीट (कव्हर), म्हणजे अडीच सेंटीमीटरला सळई लागणारच. ती कापायची नाही. चार-पाच सेंटीमीटर बाजूला सरका.

हार्डवेअरवाला
आठ मिमीच्या भोकाने स्लॅब पडतो का? गॅलरीला मुख्य सळ्या वरच्या बाजूला असतात, खालच्या जाळीला काही होत नाही.

साइटवरचा
भिंतीतून नुसती पुढे काढलेली गॅलरी असेल तर वर, हे बरोबर. पण ह्यांची गॅलरी दोन बीममध्ये असेल तर? तेव्हा मुख्य सळई खालीच. न बघता कापायला कसं सांगता? मी पावसाळ्यात गंजून खपल्या पडलेल्या गॅलऱ्या दुरुस्त करतो. त्यातल्या किती भोकांपासून सुरू झालेल्या असतात!

जुना_फिटर
सरकणंच बरं. हँगरच्या पट्टीला लांबट भोक असतं, थोडं सरकलं तरी चालतं. आठच्या भोकात सहाचा लोखंडी अँकर फास्टनर (आवळला की भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) बसवा, छताला प्लास्टिकचा प्लग नको. फास्टनरची नळी चाळीस मिमीची असेल तर भोक पंचेचाळीस मिमी खोल. भोक किती खोल जावं ते ठरवणारी मशीनची पट्टी त्या मापावर लावा. आवळण्याआधी भोकातली धूळ फुंकणीने काढा, नाहीतर फास्टनर पकडत नाही. बिटावर कागदी कप ओवला तर धूळ डोळ्यांत येत नाही.

सोसायटी_सचिव
आमच्याकडे दुपारी दोन ते चार ड्रिलिंग बंद. विचारलंत का?

गॅलरी_३०२
विचारलं होतं. चारही फास्टनर बसले, पट्टीला लोंबकळून बघितलं, हलत नाही. सळईला लागलेलं भोक तसंच आहे, ते बुजवू कशाने? पुट्टी आहे घरात.

साइटवरचा
पुट्टी नको, पाणी शोषते. धूळ काढा, थोडं ओलं करा आणि पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल) ठासून भरा. सळईपर्यंत हवा-पाणी पोचता कामा नये. पाऊस सुरू व्हायच्या आत करा.