सोजर्नर ट्रुथ यांचे भाषण रंगमंचावर कोणत्या रूपात सादर करावे?

प्रश्न : ओहायोतील एका ग्रंथालयात गुलामीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन वक्त्या सोजर्नर ट्रुथ यांच्या वेषातील कथाकार स्त्रीचा एकपात्री प्रयोग पाहिला. १८५१ मध्ये अ‍ॅक्रन येथील महिला हक्क परिषदेत त्यांनी केलेले भाषण तिने दक्षिणेकडील गुलामांच्या बोलीत म्हटले. ट्रुथ खरोखरच तशा बोलत असत का?

प्रतिसाद १ : तसे मानायला आधार नाही. त्यांचा जन्म न्यूयॉर्कच्या अल्स्टर काउंटीत झाला आणि बालपणी त्या डच बोलत. परिषदेनंतर काही आठवड्यांतच पत्रकार मारियस रॉबिन्सन यांनी छापलेल्या वृत्तांतात ही बोली नाही, ‘मी बाई नाही का?’ हे गाजलेले पालुपदही नाही. ती दोन्ही परिषदेच्या अध्यक्षा फ्रान्सिस गेज यांनी तब्बल बारा वर्षांनी, १८६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाठात आढळतात. टाळ्या मात्र गेजबाईंच्याच पाठाला मिळतात!

प्रतिसाद २ : म्हणूनच शटाक्वा पद्धतीचे प्रयोग मला अधिक प्रामाणिक वाटतात. त्यांत कलाकार आधी स्वगत सादर करते, मग त्याच भूमिकेत राहून प्रेक्षकांना उत्तरे देते आणि शेवटी भूमिका बाजूला ठेवून अभ्यासक म्हणून बोलते, त्यामुळे असे मतभेद तिथेच उघडपणे मांडता येतात. नेवाडाच्या सारा विनेमुक्का यांची भूमिका तर त्याहून अवघड, कारण आपल्या पायूट या मूळनिवासी अमेरिकन जमातीच्या लोकांची बाजू मांडताना त्या स्वतःच ‘राजकन्या’ म्हणून व्यासपीठावर येत. कलाकाराला मुळातल्या अभिनयाचाच अभिनय करावा लागतो.

प्रश्नकर्ता : आभार. पुढच्या प्रयोगाला रॉबिन्सन यांच्या पाठाविषयी अवश्य विचारेन.