मदत हवी: साहित्य-आढाव्यासाठी संदर्भच सापडत नाहीयेत (तातडीचं)

अडकलेली_गाडी: पीएचडी करतेय, गुरुवारी आरएसीसमोर (संशोधन सल्लागार समिती) सादरीकरण. गाइड म्हणाल्या, "रिव्ह्यू अगदीच पातळ आहे." तीन रात्री गूगल स्कॉलरवर बसले, फिरून तेच सात-आठ पेपर. शोधगंगेवरही (प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) काही खास नाही. या विषयावर कामच झालेलं नाही, असं 'रिसर्च गॅप'मध्ये लिहून टाकू का? लवकर सांगा प्लीज.

कोरडवाहू: विषय?

चहाबाज: आधी झोटेरो टाका, संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे. मी पहिलं वर्ष वर्डच्या फाइलीत संदर्भ साठवले आणि नंतर रडलो.

निवांत_बाळ: झोटेरोत फुकट जागा ३०० एमबी. मेंडेले बरं.

चहाबाज: ३०० एमबी त्यांच्या सर्व्हरवर हो! पीडीएफ स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवा, कोण अडवतंय?

कोरडवाहू: अहो, त्यांना संदर्भ सापडत नाहीयेत. ठेवायचे कुठे ते नंतर. ताई, विषय?

अडकलेली_गाडी: सॉरी, राहिलंच. बहात्तरचा दुष्काळ आणि रोजगार हमी, लातूर-जालना. 'ड्रॉट', 'लातूर डिस्ट्रिक्ट', '१९७२' असं टाकते.

नियमावली: साहित्यचौर्याचं विसरू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. ४० पर्यंत गेलं तर सुधारून पुन्हा द्यावं लागतं.

कोरडवाहू: हे कुणी विचारलं?

जुनी_कपाटं: ग्रंथालयात आयुष्य गेलं म्हणून सांगते. गॅप-बिप लिहू नका, समितीत एखादा अर्थशास्त्रवाला असला तर तिथेच हसेल. तुमचे शब्द चुकतायत. १९६३ मध्ये महाराष्ट्राने कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकला. त्यामुळे सरकारी कागद 'स्कॅर्सिटी' म्हणतात, मराठीत 'टंचाई'. अर्थतज्ज्ञ मात्र खुशाल 'फॅमिन' लिहितात. तिन्ही टाका, शिवाय 'रिलीफ वर्क्स', म्हणजे दुष्काळी कामं.

आणि तेव्हा लातूर, जालना हे जिल्हेच नव्हते! जालना १९८१ मध्ये झाला, लातूर १९८२ मध्ये. लातूरसाठी उस्मानाबाद शोधा, जालन्यासाठी औरंगाबाद आणि परतूरकडच्या भागासाठी परभणी. आजची नावं टाकून जुने कागद कसे निघतील?

अडकलेली_गाडी: अरे देवा. तीन रात्री!!

मिलोची_भाकरी: आमची आजी बहात्तरला खडी फोडायला जायची. सुकडी मिळायची, आणि ती लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी. मरेपर्यंत तिला मिलोचं नाव काढलेलं चालायचं नाही.

निवांत_बाळ: आमच्याकडे मिलोची भाकरी गरम असेपर्यंतच खायची म्हणत. थापताना तुटायची.

मिलोची_भाकरी: तुटायचीच! आजी त्यात थोडं ज्वारीचं पीठ मिसळायची, असेल तेव्हा.

कोरडवाहू: भाकरीचा वेगळा धागा काढा रे. ताई, एक चांगला लेख धरा, अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांचं बहात्तरच्या दुष्काळावरचं लिखाण घ्या. स्कॉलरवर त्याखाली 'साइटेड बाय' असतं, त्यावर क्लिक केलं की पुढच्या वर्षांतलं काम दिसतं. मागे जायला त्याचीच संदर्भसूची. शोधपेटीत शंभर वेळा तेच टाइप करण्यापेक्षा हे बरं.

चहाबाज: आणि सापडलं की झोटेरोत.

जुनी_कपाटं: मराठी प्रबंध असतील तर फाइल उघडून कंट्रोल-एफवर विसंबू नका. बरेचसे जुन्या फॉन्टमधले किंवा नुसते स्कॅन. 'दुष्काळ' टाकलं की शून्य येतं, आणि पान उलटावं तर समोर दुष्काळच दुष्काळ. अनुक्रमणिका डोळ्यांनी वाचा.

अडकलेली_गाडी: 'स्कॅर्सिटी' आणि 'उस्मानाबाद' टाकलं, रांगच लागली! पण निम्मे पेपर पैसे मागतायत.

कोरडवाहू: 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आहे ना, जर्नल्स फुकट वाचायची केंद्राची योजना, जानेवारी २०२५ पासून. पण ते सरकारी संस्थांना. तुमचं कॉलेज सरकारी की खासगी?

अडकलेली_गाडी: अनुदानित.

नियमावली: कायम विनाअनुदानित तुकडी की अनुदानित?

अडकलेली_गाडी: ते उद्या ऑफिसात विचारते. मिलोची_भाकरी, तुमच्या आजी कुठल्या तालुक्यातल्या? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?